जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलणे

जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलणे ही मोटारगाडीच्या निलंबन यंत्रणेची एक प्रमुख दुरुस्ती आहे. चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या भागांच्या समूहास निलंबन यंत्रणा किंवा प्रचलित शब्दात सस्पेन्शन असे म्हणतात. त्यातील स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि रस्त्याच्या धक्क्याची ऊर्जा काही क्षण स्वतःत साठवते. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच धक्काशोषक (गॅरेजच्या बोलीत 'शॉकअप'), त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून गाडीची दोलने शमवतो. ही दोन्ही उपकरणे परस्परांना अनुरूप असावी लागतात. त्यांपैकी एकच बदलल्यास, किंवा दोन्ही बदलूनही त्यांचा मेळ न जमल्यास, नवे भाग बसवलेली गाडी पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होऊ शकते. बुटकी बांधणी, कमी वजन आणि वळणावरचा वेग यांमुळे स्पोर्ट्‌स कारमध्ये हा मेळ विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

वाहनांना पोलादी कमानी बसवण्याची पद्धत घोड्याच्या गाड्यांपासून चालत आली आहे. इंग्लंडमधील ओबाडाया इलियट याने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानीचे एकस्व घेतले. सुरुवातीच्या मोटारगाड्यांनी हीच रचना स्वीकारली. वेग वाढल्यावर मात्र एका धक्क्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहते, ही अडचण जाणवू लागली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी घर्षणावर चालणारे धक्काशोषक वापरात आले. त्यांच्या जागी पुढे तेलावर चालणारे तरफेचे आणि नंतर दुर्बिणीसारखे आतबाहेर सरकणारे नळीचे धक्काशोषक आले. १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता ख्रिस्तियां बुर्सिए द कार्बों याने दाबयुक्त वायू भरलेल्या एकनळी धक्काशोषकाची रचना विकसित केली. आज जुन्या म्हणून जतन केल्या जाणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्‌स कार या संक्रमणकाळातील आहेत. त्यामुळे एकाच गाडीत पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाट्याची कमान आढळणे ही सामान्य गोष्ट आहे.

कार्यतत्त्व

स्प्रिंगेचा मुख्य गुणधर्म म्हणजे तिची ताठरता, अर्थात ती १ मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारा भार. उदाहरणादाखल, एका चाकावर गाडीचे २५० किलोग्रॅम वजन येते आणि चाकाच्या जागी मोजलेली ताठरता दर मिलिमीटरला २ किलोग्रॅम आहे असे मानल्यास, गाडी स्थिर असताना स्प्रिंग १२५ मिलिमीटर दबलेली राहील. अशा गाडीच्या वर-खाली दोलनाची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला सुमारे १.४ येते. ही गती प्रवाशाला सुसह्य वाटते.

आता ताठरता दुप्पट, म्हणजे दर मिलिमीटरला ४ किलोग्रॅम केली, तर स्प्रिंग ६२.५ मिलिमीटरच दबेल आणि वारंवारता सेकंदाला सुमारे २ होईल. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दोलने पूर्वीइतक्याच आवर्तनांत शमवायची असतील, तर धक्काशोषकाचा अवरोधही त्याच वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी, वाढवावा लागतो. जुना धक्काशोषक तसाच ठेवून केवळ ताठर स्प्रिंग बसवली, तर गाडी खड्ड्यानंतर अधिक वेळा आणि अधिक वेगाने उसळत राहते. उलट, मऊ स्प्रिंगेसोबत अतिकठोर धक्काशोषक बसवल्यास, दबलेली स्प्रिंग पुढच्या खड्ड्यापूर्वी पूर्ण पसरू शकत नाही. लागोपाठच्या खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी रबरी थांब्यावर आदळते.

टायरची पकड ही चाक रस्त्याला टेकून राहण्यावर अवलंबून असते. उसळत्या चाकावर ब्रेकचा परिणाम कमी होतो आणि वळणावर गाडी बाहेर सरकते. म्हणून ही दुरुस्ती प्रवासाच्या सुखापेक्षा प्रथमतः सुरक्षिततेशी संबंधित आहे.

स्प्रिंगांचे प्रकार

पाट्याची कमान: पोलादी पाटे एकावर एक रचून मधोमध बोल्टने बांधलेली ही कमान आसाला यू-बोल्टने आवळलेली असते. तिचे एक टोक सांगाड्याला पक्के जोडलेले, तर दुसरे हलत्या कडीला म्हणजे शॅकलला जोडलेले असते. पाट्यांच्या परस्पर घर्षणामुळे ती थोडेफार दोलनशमनही करते. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ६ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा ७ मिलिमीटर जाडीचा पाटा घातल्यास त्या पाट्याची ताठरता सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना किरकोळ वाटणारा हा फरक प्रत्यक्षात मोठा असतो.

गुंडाळीची स्प्रिंग: हिची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. १२ मिलिमीटर जाडीची तार गंजून सर्वत्र ११.४ मिलिमीटर उरली, तर ताठरता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. गंजाच्या खळग्यांपासून तडा जाऊन स्प्रिंग अचानक तुटण्याचा धोकाही असतो.

टॉर्शन बार: ही एका टोकाला जखडलेली पोलादी दांडी असून चाक वर गेले की ती पिळली जाते. जॅग्वार ई-टाइप (१९६१) या ब्रिटिश गाडीच्या पुढील बाजूस आणि १९८९ पर्यंतच्या पोर्शे ९११ मध्ये ही रचना आढळते. अशा गाडीत उंची कमी-जास्त करण्यासाठी दांडीचा बसवण्याचा कोन बदलावा लागतो.

शॉक ॲब्सॉर्बरचे प्रकार

तरफेच्या धक्काशोषकात चाकाला जोडलेला हात बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीतील दट्ट्या हलवतो आणि तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये चारही चाकांना असे धक्काशोषक होते. तिच्या पुढील बाजूस धक्काशोषकाचा हात हाच चाकाला धरून ठेवणारा वरचा दुवा असतो. त्यामुळे स्प्रिंगेवर भार असताना तो सोडवणे अत्यंत धोक्याचे आहे.

नळीच्या धक्काशोषकात दट्ट्या थेट तेलात वर-खाली सरकतो. द्विनळी प्रकारात बाहेरील नळीत तेलाचा साठा व थोडी हवा असते. सतत खडबडीत रस्त्यावर तेलात फेस होऊन अवरोध घटू शकतो. एकनळी प्रकारात दाबयुक्त नायट्रोजन वायू तेलापासून वेगळा ठेवलेला असल्याने फेस कमी होतो. या दाबामुळे गाडी किंचित उचलली जाते, हे मूळ उंची ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

झिजेची लक्षणे

* एका बाजूस गाडी झुकणे. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वरील कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे मोजून ही तपासणी करतात. भारतात चालक उजवीकडे बसत असल्याने ती बाजू अधिक बसलेली असू शकते.
* धक्काशोषकाच्या दट्ट्याभोवती तेलाचा ओघळ दिसणे.
* टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने खोलगट झीज होणे.
* ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाणे आणि थांबल्यावर ते पुन्हा पुन्हा डोलणे.
* पाट्याच्या डोळ्यातील किंवा हातांच्या सांध्यातील रबरी बुश फुटून 'खट' असा आवाज येणे.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडल्यास ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे, ही गॅरेजमधील परंपरागत चाचणी आहे. ती पूर्ण निकामी धक्काशोषक ओळखण्यास उपयोगी पडते. अर्धवट झिजलेला धक्काशोषक तिच्यातून उत्तीर्ण होऊ शकतो.

बदलण्याची पद्धत

पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची उंची, पाट्यांची संख्या व जाडी, तारेचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि वॉशर-पॅकिंग यांची नोंद व छायाचित्रे घेतली जातात. जुन्या गाडीत पूर्वीच्या मालकाने केलेले बदल असू शकतात. म्हणून काढलेला भाग हाच मूळ भाग होता असे गृहीत न धरता, निर्मात्याच्या दुरुस्तीपुस्तिकेशी तो पडताळून पाहतात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी तेल सोडल्यास ते तुटण्याची शक्यता कमी होते. स्प्रिंगा व धक्काशोषक नेहमी एका आसावरील डावी-उजवी जोडी म्हणून बदलतात.

गुंडाळीची स्प्रिंग

न उचललेल्या चाकांना पाचर लावून गाडी जॅकने उचलली जाते आणि सांगाड्याखाली भक्कम स्टँड ठेवले जातात. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरणे टाळतात. खालच्या हाताला स्वतंत्र जॅकचा आधार देऊन, आवश्यक तेथे स्प्रिंग दाबणारे साधन लावून, मग सांधा सोडवला जातो व जॅक सावकाश उतरवत स्प्रिंगेवरील ताण कमी केला जातो. ब्रेकची रबरी नळी ताणली जाऊ नये म्हणून ब्रेकचा भाग तारेने वर बांधून ठेवतात. नवी स्प्रिंग बसवताना तिचे टोक बैठकीच्या खाचेत नीट बसले आहे याची खात्री केली जाते.

पाट्याची कमान

आसाचा भार जॅकवर घेऊन यू-बोल्ट सोडवतात. मधल्या बोल्टचे डोके आसावरील छिद्रात बसले नाही, तर आस तिरपा राहतो व गाडी रस्त्यावर एका अंगाने चालते. यू-बोल्ट एकदा आवळल्यावर ताणले गेलेले असतात. म्हणून ते पुन्हा न वापरता नवे घेतात आणि काही अंतर गाडी चालवल्यानंतर पुन्हा आवळतात.

बुश आणि अंतिम आवळणी

बाहेरून व आतून घट्ट धरलेले रबरी बुश फिरत नाहीत. ते पिळले जातात. चाके लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट आवळल्यास गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर कायमचे पिळलेले राहते. ते लवकर फाटते आणि गाडीची उंचीही चुकीची येते. म्हणून अंतिम आवळणी गाडीचे पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच करतात. द्विनळी धक्काशोषक बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण खाली-वर केल्यास आतील हवा बाहेरील नळीत निघून जाते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासून घेणे आवश्यक असते, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात.

सुरक्षितता

दबलेल्या स्प्रिंगेत मोठी ऊर्जा असते. ४०० किलोग्रॅम भाराखाली १५ सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेत सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा साठते. ३० किलोग्रॅमची वस्तू १ मीटर उंचीवरून पडताना जितका आघात करील, त्याच्याशी ही ऊर्जा तुल्य आहे. दोरी, साखळी किंवा कमकुवत पट्टीने बांधलेली स्प्रिंग सुटल्यास प्राणघातक इजा होऊ शकते. वायूच्या धक्काशोषकाला भोक पाडणे किंवा त्याला आच देणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

मूळ मापापासून होणारे बदल

स्पोर्ट्‌स कार अधिक बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगेचे वेटोळे कापण्याची प्रथा आढळते. ८ कार्यक्षम वेटोळ्यांपैकी १ कापल्यास ताठरता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, चाकाला वर जाण्यास उरलेली जागा कमी होते आणि कापलेले टोक बैठकीवर नीट टेकत नाही. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवल्यास पोलादाचे पाणी उतरते. अशी स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा तुटते. गतिरोधक आणि खड्डे यांची संख्या पाहता भारतीय रस्त्यांवर जमिनीपासूनची उंची कमी करण्यास फारसा वाव नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू आहे. त्यामुळे निलंबनाचे नवे भाग बसवण्यासाठी सांगाडा कापणे किंवा त्याला वेल्डिंगने वेगळे आधार जोडणे हे वाहनाच्या ऐतिहासिक दर्जाच्या दृष्टीनेही हानिकारक ठरू शकते. बोल्टने बसणारा आणि पुन्हा काढता येणारा बदल त्या मानाने निर्धोक मानला जातो.

भारतातील जुन्या गाड्या

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे भारतात स्पोर्ट्‌स कार अत्यल्प होत्या. देशात तयार होणाऱ्या छोट्या गाड्यांनीच हौशी चालकांची व शर्यतींची गरज भागवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या पुढील बाजूस दोन हातांमध्ये गुंडाळीची स्प्रिंग, तर मागे अखंड आसाखाली पाट्याची कमान होती. मद्रासजवळील शोलावरम येथील धावपट्टीवरच्या शर्यतींत फियाट गाड्या धावत असत. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे युग ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले.

मद्रास येथे तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डची कथा स्पोर्ट्‌स कारच्या अधिक जवळची आहे. ती ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डवर आधारित होती आणि हेरल्डच्याच सांगाड्यातून व निलंबनातून ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार १९६२ मध्ये निर्माण झाली. दोन्हींत पुढे धक्काशोषकाभोवती बसवलेली गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे आडवी पाट्याची कमान होती. घराण्याचे हे साम्य असले, तरी दोन्ही गाड्यांचे वजन वेगळे असल्याने एकीची स्प्रिंग दुसरीला जशीच्या तशी योग्य ठरत नाही. दिसण्यात व बसण्यात सारखा असलेला भाग ताठरतेतही सारखाच असतो, ही समजूत जुन्या गाड्यांच्या बाबतीत अनेकदा महागात पडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हे वाहनांच्या चाचणीचे व अभ्यासाचे केंद्र आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) येथे असून तिच्याकडे वाहनांच्या परीक्षणासाठी चाचणीमार्ग आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांच्या प्रारूपांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये तिचा समावेश होतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) हीदेखील अशीच एक संस्था आहे.

शहरातील चिलखती दल केंद्र व शाळेने १९९४ मध्ये सुरू केलेले रणगाडा संग्रहालय निलंबनाच्या विद्यार्थ्याला उपयुक्त आहे. तेथील रोल्स-रॉइस चिलखती गाडी सिल्व्हर घोस्ट या प्रवासी मोटारीच्या सांगाड्यावर उभारलेली असून तिला पाट्याच्या कमानी आहेत. सेंच्युरियन रणगाड्यात गुंडाळीच्या स्प्रिंगा, तर विजयंता आणि पॅटन रणगाड्यांत टॉर्शन बार वापरलेले आहेत. अशा रीतीने जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये आढळणारे तिन्ही प्रकार एकाच आवारातील वाहनांत एकत्र येतात. भारतीय बनावटीच्या अर्जुन रणगाड्यात याच्या पुढचा टप्पा दिसतो. त्यात दाबलेला वायू स्प्रिंगेचे आणि तेल धक्काशोषकाचे काम एकाच संचात करते.

जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वरूपही या विषयाशी निगडित आहे. पुणे–नाशिक मार्गावरील संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट आणि पाथर्डी मार्गावरील करंजी घाट येथे वळण, उतार व ब्रेक यांचा निलंबनावर एकत्रित ताण येतो. ऊस, कांदा व इतर मालाची वाहतूक करणाऱ्या ट्रकमुळे महामार्गालगत कमान-पाट्याची कामे करणारे कारागीर आढळतात. पाटे सुटे करणे, मोडलेला पाटा बदलणे आणि बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देणे हे त्यांचे कौशल्य जुन्या मोटारींनाही उपयोगी पडते. मात्र ट्रकसाठी भार पेलण्याची क्षमता महत्त्वाची असते, तर हलक्या स्पोर्ट्‌स कारसाठी मोजकी लवचीकता. त्यामुळे असे काम सोपवताना पाट्यांची मूळ जाडी, संख्या आणि बिनभाराची कमान यांची मापे कारागिराला लेखी देणे हिताचे असते. केवळ ठोकून कमान दिलेला पाटा पुन्हा लवकर बसतो. योग्य रीतीने तापवून, पाणी देऊन व नंतर मर्यादित तापमानाला पुन्हा तापवून घेतलेला पाटा आकार टिकवतो.

दुरुस्तीनंतरची तपासणी

काम पूर्ण झाल्यावर गाडी प्रथम कमी वेगाने सपाट रस्त्यावर चालवली जाते. चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून आधीच्या नोंदीशी व दुरुस्तीपुस्तिकेतील मापांशी ताडून पाहतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर किंवा ब्रेकची नळी कशाला घासत नाही ना, हे बघितले जाते. काही दिवसांच्या वापरानंतर नव्या स्प्रिंगा किंचित बसतात. त्यामुळे अंतिम अलाइनमेंट व बोल्टांची फेरआवळणी त्यानंतर करण्याची पद्धत आहे. काढलेले मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी मापांचा तो सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतो.